जहाज नाही मोडत, दांडी मोडते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या करायच्या छंदांवर लेख होता, त्यात टेबलावर खेळायच्या अंतराळयुद्धाच्या खेळांना चांगलं अर्धं पान दिलंत, फोटोही मोठा छापलात, त्याबद्दल आधी थँक्यू, कारण मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळालेली मी तरी पहिल्यांदाच बघतोय. पण लेखाच्या खाली ती जी 'जहाजं कशी सांभाळाल' नावाची चौकट होती ती वाचून डोक्याला हात लावला. जहाज स्टँडला झटपट गोंदाने पक्कं चिकटवून टाका, लाकडी काचेच्या शोकेसमध्ये ठेवा, आणि पावसाळ्यात थर्माकोलच्या खोक्यात भरून वर दोन डांबराच्या गोळ्या टाका. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत हो! आणि ज्यांनी नुकतंच खेळायला सुरू केलंय ती पोरं पेपरात छापलंय म्हणून तसंच करणार, म्हणून हे पत्र.

मी भोसरीत टूलरूममध्ये कामाला आहे, संध्याकाळी आमचा चौघापाचांचा ग्रुप जेवणाच्या टेबलावर काळं कापड टाकून फुल थ्रस्ट खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हा इंग्लंडमधल्या ग्राउंड झीरो गेम्सचा खेळ, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, नियमपुस्तक त्यांनी स्वतःच फुकट डाउनलोडला ठेवलंय त्यामुळे आमच्यासारख्यांना परवडतो. घड्याळासारख्या १२ दिशा, प्रत्येक जहाजाचा वेग आणि दिशा आधी कागदावर लिहायची आणि मग सगळ्यांनी एकदम हलवायचं. गेम्स वर्कशॉपचा १९९९ चा बॅटलफ्लीट गॉथिकही पुष्कळ लोकांना माहीत असतो, तो कंपनीने नंतर बंद केला तरी लोक खेळतायतच, आणि २०१२ मध्ये आलेला एक्स-विंग तर रंगवलेली जहाजंच डब्यात देत होता त्यामुळे तो बऱ्याच जणांचा पहिला खेळ.

आता मूळ मुद्दा. समुद्रावरच्या लढाईचे असे खेळ फार जुने, जगभरच्या युद्धनौकांची माहिती देणारं 'जेन्स फायटिंग शिप्स' हे प्रसिद्ध वार्षिक फ्रेड जेनने १८९८ मध्ये काढलं तेही त्याच्या समुद्री लढाईच्या खेळाच्या निमित्ताने. पण समुद्रातल्या जहाजाचं बरं असतं, खालून सपाट कापलेलं, टेबलावर ठेवलं की झालं. अंतराळातलं जहाज मात्र हवेत दिसायला पाहिजे म्हणून त्याला खाली बेस, वर पारदर्शक दांडी आणि दांडीच्या टोकावर जहाज, आणि इथेच सगळं घोडं अडतं. रंगकामाबद्दल इंटरनेटवर ढिगाने सापडेल, या दांडीबद्दल फार कोणी बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर जहाज क्वचितच मोडतं, मोडते ती दांडीच.

आणि दांडी नुसती शोभेची नसते बरं का. बॅटलफ्लीट गॉथिकमध्ये अंतर मोजतात ते दांडीपासून, जहाजाच्या नाकापासून नाही, त्यामुळे जहाज केवढंही लांबलचक असलं तरी खेळाच्या हिशोबाने ते दांडी जिथे उभी आहे त्या एका बिंदूवर असतं. एक्स-विंगमध्ये लहान जहाजाचा बेस ४ सेंमी बाय ४ सेंमीचा चौकोन, त्याच्या पुढच्या खाचेत वळणाची पट्टी अडकवून जहाज पुढे सरकवायचं. म्हणजे दांडी तिरकी झाली किंवा जहाज तिच्यावर मध्यावर बसलेलं नसलं की रेंजमध्ये आहे का नाही यावरून भांडणं सुरू. शिवाय दोन जहाजं जवळ आली की पंखात पंख अडकतात, त्यासाठी एक्स-विंगवाल्यांनी दांडीचे तुकडे एकावर एक चढवायची सोय दिलेली, एक उंच एक बुटकी केली की प्रश्न मिटला. दांडी कायमची चिकटवून टाकली तर हे कसं करणार?

पण चिकटवू नका म्हणायचं मोठं कारण वेगळंच आहे. जुनी धातूची जहाजं जड असतात, आणि ते सगळं वजन साधारण ३ मिमीच्या काडीवर टोकाशी. टेबलाला कोणाचा ढोपर लागला, बाही अडकली की जहाज कलंडतं आणि सगळा ताण येतो दांडीच्या मुळाशी, जिथे ती बेसमध्ये घुसलेली आहे तिथे. पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ, त्यात जोडाशी खाच असली की तिथूनच कटकन जातं. मशीनवर आपण शिअर पिन का घालतो, गिअरबॉक्स फुटण्याऐवजी दोन रुपयांची पिन तुटावी म्हणून. तसंच इथे, कुठेतरी एक जोड असा पाहिजे की जो धक्का बसला की सुटेल पण तुटणार नाही. गोंदाने नेमका तोच जोड तुम्ही बंद करून टाकता. वर फेविक्विकसारख्या सायनोअॅक्रिलेट गोंदाची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, पारदर्शक दांडी धुरकट होते ती होते, ती पुन्हा आधीसारखी होत नाही. आणि ते धुरकट पुसायला म्हणून कोणी स्पिरिट किंवा थिनर घेऊ नका, विशेषतः लेझरने कापलेल्या अॅक्रिलिकला, कारण कापताना त्याच्या कडेला आतून ताण राहिलेला असतो आणि स्पिरिट लागलं की बारीक बारीक तडे जातात, काचेवर केस पडल्यासारखे.

मग करायचं काय, तर मॅग्नेट. यात एक चूक सगळेजण करतात म्हणून नीट सांगतो. लोक एक मॅग्नेट जहाजात आणि एक दांडीवर लावतात, आणि मग कुठल्यातरी एका जहाजात उलटा बसतो आणि ते जहाज बाकीच्यांच्या दांड्यांवर बसतच नाही, ढकललं जातं. दोन मॅग्नेट लागतच नाहीत. मॅग्नेट फक्त जहाजात घाला, दांडीवर नुसतं लोखंड ठेवा. उत्तर-दक्षिण बघायची भानगडच नाही, कुठलंही जहाज कुठल्याही दांडीवर बसेल. आणि दुसरा फायदा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे खेळ संपला की तेच जहाज त्याच मॅग्नेटने पत्र्याच्या डब्याच्या तळाला चिकटून बसतं, वेगळं काही करायलाच नको.

लोखंड म्हणून सगळ्यात झकास काय तर सायकलच्या दुकानातला छर्रा. पुढच्या चाकाच्या हबचा ३/१६ इंची असतो, मागचा १/४ इंची, मूठभर घेतले तरी चहाच्या पैशात येतात. छर्रा गोल असल्यामुळे जहाज त्याच्यावर पाहिजे तसं कलतं करता येतं, वळण घेताना एका बाजूला झुकलेलं ठेवलं की टेबलावर काय दिसतं राव! (अमेरिकेतल्या अॅड अॅस्ट्राच्या अटॅक वेक्टर टॅक्टिकल या खेळात तर जहाजाचं कलणं हा नियमाचाच भाग आहे, तिथे उंचीसाठी ठोकळे आणि कलण्यासाठी तिरके ठोकळे वापरतात, तो खेळ डोकेदुखी आहे पण एकदा बघावा.) छऱ्याला भोक पाडायच्या नादी लागू नका, तो हार्डन केलेला असतो, ड्रिल बिटची वाट लागेल. अॅक्रिलिकच्या रॉडच्या टोकाला मोठ्या ड्रिलने हातानेच फिरवून थोडा खोलगट खड्डा करा, किंवा पितळेची ४ मिमी नळी घेऊन तिच्या तोंडावर छर्रा बसवा, आणि अराल्डाइटने चिकटवून रात्रभर ठेवून द्या. पितळेची नळी दिसते हे खरं, पण काळी रंगवली की काळ्या कापडावर नजरेला खुपत नाही आणि ती मोडत पण नाही, वाकली तर सरळ होते. मी तर आता मोठ्या जहाजांना पितळच वापरतो.

जहाजात मॅग्नेट कुठे घालायचा? लोक पोटाच्या बरोब्बर मध्यावर भोक पाडतात आणि मग जहाज ढुंगणावर बसतं, कारण इंजिनाकडची बाजू जवळपास नेहमी जड असते. आधी जहाज पेन्सिलीवर आडवं ठेवून तोलून बघा, जिथे तोललं जाईल तिथे मार्करने खूण करा आणि तिथेच पिन व्हाइसने (बारीक ड्रिल धरून बोटांनी फिरवायची मूठ) हाताने भोक पाडा, पॉवर ड्रिल नको, धातूची जहाजं ज्याची ओततात तो पांढरा धातू मऊ असतो आणि रेझिन गरम होऊन चिकट होतं. भोक किती खोल ते ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून ठरवून घ्या, नाहीतर वरून बाहेर यायचं. छोट्या आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या हलक्या जहाजांना ५ बाय २ मिमीचा चपटा निओडायमियम मॅग्नेट (छोटा पण जबर ताकदीचा) पुरतो. जड धातूच्याला तो पुरत नाही, कारण चपटा मॅग्नेट आणि गोल छर्रा एकाच बिंदूवर टेकतात आणि पकड निम्म्याहून खाली येते, तिथे मधे काउंटरसिंक, म्हणजे तोंडाशी उतार दिलेलं, भोक असलेला रिंग मॅग्नेट घ्या, छर्रा त्या उतारात जाऊन बसतो आणि मग जहाज घट्ट राहतं. मॅग्नेटवर निकेलचं गुळगुळीत कोटिंग असतं, त्याला गोंद धरत नाही, बारीक पॉलिश पेपरने एक बाजू ओरखडून मग इपॉक्सी, म्हणजे तेच अराल्डाइट, लावा. आणि मॅग्नेटवरून रंग किंवा पुट्टी चढवू नका. अर्ध्या मिमीची गॅप पडली तरी ताकद किती कमी होते ते हातात घेऊनच कळतं.

सामान कुठे मिळेल असं विचारणारे असतील तर पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळीत, आणि अॅक्रिलिकचे बेस कापायला कोपऱ्यावरचा साइनबोर्डवाला, त्याच्याकडे कटिंगचे तुकडे उरलेले असतातच. बेसच्या खाली एक मोठा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) वॉशर चिकटवा, वजन खाली आलं की निम्मी पडापड थांबते.

आता ठेवण्याबद्दल. पत्र्याचा डबा म्हटलं की आपल्याकडे पहिला हात जातो स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याकडे, आणि तिथे फसगत होते, कारण भांड्याच्या ३०४ किंवा २०२ स्टीलला मॅग्नेट धरतच नाही. डबा उचलायच्या आधी फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन लावून बघा, धरला तर चालेल. बिस्किटांचे, चॉकलेटचे जे पत्र्याचे डबे येतात ते मस्त, सुताराचा किंवा मेकॅनिकचा जुना लोखंडी टूलबॉक्स त्याहून मस्त, प्लास्टिकचाच डबा आवडत असेल तर तळाला जीआय पत्रा कापून टाका आणि कडा फाइलने मारून घ्या. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, मॅग्नेट सरळ ओढला तर जोर लावून निघतो पण बाजूने ढकलला की सटकन सरकतो. म्हणजे डबा आडवा असेल तोवर ठीक, उभा धरून एसटीत वर रॅकवर टाकलात की सगळं आरमार एका कोपऱ्यात गोळा. त्यावर उपाय म्हणजे तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचं पातळ रबर, पकड कमी होते पण घसरणं थांबतं. दांड्या आणि बेस वेगळ्या डब्यात. दांडीसकट जहाज कधीच प्रवासाला नेऊ नये, हे मी आमच्या ग्रुपमध्ये एवढ्या वेळा बोललोय की आता पोरं मला बघितलं की स्वतःहून दांड्या काढतात.

शोकेसचं प्रकरण जरा गंभीर आहे. १९८० च्या आसपासची जुनी जहाजं, जी आता परदेशातून सेकंडहँड येतात किंवा कोणाच्या काकांनी आणलेली असतात, त्यांच्या धातूत शिसं असतं. लाकडातून, त्यातही ओकमधून, आणि प्लायवूड-एमडीएफमधूनही आम्लाची वाफ सतत थोडी थोडी सुटत असते, काचेचं दार घट्ट बंद असलं की ती आत साठते, त्यात आपल्याकडची पावसाळी दमट हवा, आणि मग शिशावर पांढरी भुकटी यायला लागते. ती धूळ नाही, ते शिशाचं कार्बोनेट आहे, धातू आतून खाल्ला जात असतो आणि भुकटी विषारी असते, फुंकर मारून उडवायची नाही, हात धुवायचे. म्युझियममधल्या जुन्या बोटींच्या मॉडेलवरच्या तोफा-नांगरांचं हेच होतं, अमेरिकन नौदलाच्या मॉडेल सांभाळणाऱ्या खात्याने यावर व्यवस्थित लिहून ठेवलंय. कथील-अँटिमनीच्या नव्या बिनशिशाच्या धातूला किंवा रेझिनला ही भीती नाही. पण जुना माल असेल तर आजीचं गोदरेजचं कपाट शोकेसपेक्षा कधीही चांगलं, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि रंग बदलला की तव्यावर न भाजता ओव्हनमध्ये मंद गरम करून परत वापरायच्या.

डांबराच्या गोळ्यांबद्दल तर काय बोलायचं. डांबराची गोळी म्हणजे नॅप्थलीन, काही गोळ्यांमध्ये पॅराडायक्लोरोबेन्झीन, दोन्हीची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच आहे! इंजेक्शन मोल्डेड प्लास्टिकची जहाजंही त्याचीच. म्हणजे चौकटीतला सल्ला पाळला तर खोकंही जाईल आणि जहाजही. (थर्माकोल तसाही २०१८ ला गणपतीच्या मखरातून गेला, तो इथे तरी कशाला.) पिवळा स्पंज पण नको, पॉलियुरेथेनचा असतो तो, दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, चुरा पडतो आणि तो चुरा रंगाला चिकटून बसतो. पॅडिंग पाहिजेच असेल तर टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई फोम घ्या.

उन्हाळ्यात गाडीत डबा विसरू नका एवढंही सांगतो. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढलेलं जहाज ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तिथे आरामात पोचतो, संध्याकाळी बघाल तर क्रूझरचं केळं झालेलं. आणि आपल्याकडे आता प्रिंट केलेलीच जहाजं जास्त असणार, कारण खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, वर २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा, हे सगळं लहान मुलांच्या खेळण्यांसाठी आहे आणि त्यात चूक काही नाही, पण मोठ्यांच्या छंदाचं पार्सलही त्याच रांगेत अडकतं त्याला काय करणार. तयार चांगले स्टँड इथे मिळत नाहीत म्हणूनच वरचा एवढा छऱ्यांचा आणि पितळेचा खटाटोप लिहिला.

शेवटी एक, आणि हे कृपया कापू नका, बाकी काहीही कापा. हे मॅग्नेट दिसायला लेमनच्या गोळीसारखे चकचकीत असतात. लहान मुलाने एकाहून जास्त गिळले तर ते पोटात आतड्याच्या दोन वेगवेगळ्या घड्यांमधून एकमेकांना ओढून धरतात, मधलं आतडं चिमटलं जाऊन त्याला भोक पडतं, ऑपरेशनची वेळ येते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता ताबडतोब हॉस्पिटल. म्हणून सुटे मॅग्नेट टेबलावर पसरून ठेवायचे नाहीत, उरलेले मोजून डबीत आणि डबी वरच्या फळीवर, आणि जहाजात बसवलेला मॅग्नेट हलतोय असं वाटलं तर ते जहाज त्या दिवशी खेळात घ्यायचं नाही. पुढच्या रविवारी चौकटीची दुरुस्ती छापाल तेव्हा एवढं तरी त्यात असू द्या.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे

ता.क. : फोटोतलं डावीकडचं मोठं जहाज ज्यांचं असेल त्यांना सांगा, त्याची दांडी बेसपाशी तडकलेली फोटोतसुद्धा दिसतेय, उचलताना बेसला नाही, जहाजाला धरून उचला.